जुन्या मशीनवर एक्सपी टाकताना: आधी काय, मग काय

गणपतीला महिना उरला की इंदूरात मला तीन-चार फोन हमखास येतात. कुणाच्या मंडळाची स्मरणिका वर्षानुवर्षं एकाच पेजमेकर (पानं मांडायचा जुना प्रोग्राम) फाइलवरून पुढे सरकत आलेली असते. कुणाच्या छपाईच्या दुकानात लग्नपत्रिकांचे सगळे साचे जुन्या मराठी फॉन्टात अडकलेले असतात. मशीन पावसाळ्यात बसलेलं असतं आणि घरातल्या हुशार भाच्याने ‘फॉर्मॅट मारून देतो’ म्हणत सीडी आत घातलेली असते. मला फोन येतो तो त्यानंतर.

म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतो. विंडोज एक्सपी बसायला तासभर पुरतो. त्याआधीच्या तयारीला दोन संध्याकाळी लागतात आणि नंतरच्या जुळवाजुळवीला अजून एक. लोक तयारी गाळतात आणि तासाभराच्या कामात चार दिवस अडकतात. मी गृहीत धरलंय की तुमच्यासमोर साधारण २००२ ते २००८ मधला डेस्कटॉप आहे: पेंटियम ४ किंवा पहिल्या पिढीतला ड्युअल कोअर, ८४५, ८६५ किंवा ९४५ चिपसेटचा बोर्ड, ५१२ एमबी ते २ जीबी रॅम.

१. एक्सपी खऱ्या मशीनवरच हवी का, ते ठरवा

आधी मशीनच्या पाठीमागे बघा. तुमचं मराठी टायपिंगचं किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या किल्लीसारख्या तुकड्यावर, चालतं का? आणि तो डोंगल प्रिंटरच्या २५ छिद्रांच्या जाड पोर्टात, म्हणजे पॅरलल पोर्टात बसतो का? तसं असेल तर जुनं मशीनच लागेल, पुढे वाचा.

डोंगल नसेल आणि फक्त जुन्या फाइली उघडायच्या असतील, तर नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक चालवणारा प्रोग्राम) टाकून त्याच्या आत एक्सपी बसवा. ड्रायव्हरची, म्हणजे प्रत्येक भाग विंडोजला ओळखू येण्यासाठी लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, कटकट नाही, बिघडलं तर फाइल परत ठेवली की झालं. यूएसबी डोंगलही बहुतेक वेळा त्यात चालतो. हौसेपायी जुनं खोकं जिवंत करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण सप्टेंबरात स्मरणिका छापायला द्यायची असेल तर हौस बाजूला ठेवावी.

उलटा प्रकारही बघितलाय. नव्या लॅपटॉपवर थेट एक्सपी टाकायचा प्रयत्न. २०१३ नंतरच्या बहुतेक बोर्डांना एक्सपीचे ड्रायव्हरच निघाले नाहीत, आणि ३२ बिटची एक्सपी यूईएफआय या नव्या मशीनच्या पद्धतीने सुरू होत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

२. जुनी हार्डडिस्क काढून बाजूला ठेवा

या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा. जुन्या डिस्कवर नवी विंडोज टाकायची नाही. ती डिस्क सोडवायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि कपाटात ठेवायची. नवी विंडोज दुसऱ्या डिस्कवर.

का? कारण ‘डी ड्राइव्हमध्ये सगळं आहे’ असं जो तो सांगतो आणि ते कधीच खरं नसतं. फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात असतात. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्सही सी मध्येच. सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज, कीबोर्डचा आराखडा, ओळखीच्याने बदलून दिलेली एखादी फॉन्ट फाइल, सगळं सी मध्ये. फॉर्मॅट झाल्यावर फाइल उघडते, पण ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते.

काढण्याआधी, मशीन अजून सुरू होत असेल तर तीन गोष्टी करा:

- डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले, साउंड, नेटवर्क यांची नावं कागदावर उतरवा.
- पेजमेकरमध्ये फाइल उघडून तिला कोणते फॉन्ट आणि कोणता प्रिंटर लागतो ते लिहा.
- कॅबिनेटवर चिकटवलेल्या विंडोजच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावरची २५ अक्षरांची की उन्हाने आणि हातांनी पुसट होत जाते. आठ आणि बी यांत घोटाळा होतोच.

मग मशीन बंद, मुख्य प्लग बाहेर, डिस्क बाहेर. ती यूएसबी अडॅप्टर लावून चालू संगणकाला जोडा आणि अख्खी कॉपी करा. निवडून नाही, अख्खी. त्या काळच्या डिस्क ४० किंवा ८० जीबीच्या, आजच्या पेनड्राइव्हमध्येही मावतात.

थांबा: डिस्क टक-टक असा ठेक्यात आवाज करत असेल तर कॉपीचा हट्ट धरू नका. प्रत्येक प्रयत्नात ती आणखी बिघडते. हव्या असलेल्या फाइली अमूल्य असतील तर ती डेटा परत काढून देणाऱ्याकडेच जाऊ द्या.

३. साहित्य जमवा

दुसरी डिस्क. बोर्डावर रुंद पट्टीची केबल लागत असेल तर आयडीई, बारीक लाल-काळी लागत असेल तर साटा. जेल रोडवर बहुतेक मोबाइलचाच पसारा आहे, तिथे वेळ घालवू नका. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाच्या दुकानांत विचारा. पहिल्या दोन दुकानांत ‘भिया, ये तो अब आता ही नहीं’ ऐकावं लागेल. दुरुस्ती करणारी दुकानं गाठा, त्यांच्या मागच्या खोलीत खोकी भरून पडलेली असतात. जुनी डिस्क घेताना दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामात तिची तब्येत बघायला सांगा. पिवळा किंवा लाल इशारा दिसला तर परत द्या, कितीही स्वस्त असली तरी.

एक्सपीची सीडी. सर्व्हिस पॅक ३ (सुधारणांचा शेवटचा गठ्ठा) असलेली घ्या. अगदी पहिली, म्हणजे २००१ ची सीडी असेल तर १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क तिला पूर्ण दिसत नाही आणि यूएसबी २.० चा ड्रायव्हरही तिच्यात नाही. की आणि सीडी एकाच जातीच्या हव्यात. होम एडिशनची की प्रोफेशनलला चालत नाही. सुट्या विकत घेतलेल्या सीडीची की मशीनसोबत आलेल्या सीडीला चालत नाही. ब्रँडेड मशीनसोबतची सीडी त्याच कंपनीच्या बोर्डावर बहुधा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, दुसऱ्या बोर्डावर मात्र की मागत बसते. ‘यात सगळं आपोआप होतं’ म्हणून फिरणाऱ्या सीडी घेऊ नका. आपोआप काय काय होतं ते त्या बनवणाऱ्यालाच ठाऊक.

तुमच्याकडे सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सीडी एकाच फाइलीत, असेल तर ती ‘इमेज बर्न करा’ या पर्यायाने लिहा, कमी वेगात, सीडीवरच. जुन्या ड्राइव्हना डीव्हीडी वाचता येत नाही. आणि आयएसओ फाइल नुसती उचलून सीडीवर टाकली तर त्या सीडीवरून काहीही सुरू होणार नाही. हसू नका, दरवर्षी एक जण तरी हे करतो.

ड्रायव्हर. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. एक्सपी बसली की नेटवर्क कार्ड चालत नाही, म्हणून नेट नाही. नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. तेव्हा ते आधीच उतरवून ठेवायचे. बोर्डाचा नंबर बोर्डावरच छापलेला असतो, बहुतेकदा दोन स्लॉटच्या मधल्या पट्टीवर. टॉर्च मारून वाचा. बोर्डासोबत आलेली ड्रायव्हर सीडी घरात कुठे असेल तर सोन्याहून पिवळी, कारण कंपन्यांनी जुनी पानं आवरून घेतली आहेत. इंटेलने २०१९ मध्ये जुन्या डेस्कटॉप बोर्डांचे कितीतरी ड्रायव्हर आणि बायॉस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डातला प्रोग्राम) आपल्या साइटवरून काढले. लागतील ते चार: चिपसेट, ग्राफिक्स, आवाज, लॅन.

पेनड्राइव्ह, ३२ जीबी किंवा त्याहून लहान, फॅट-३२ मध्ये फॉर्मॅट केलेला. मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात आणि एक्सपीला एक्सफॅट मुळात कळत नाही. ‘डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, करू का?’ असं ती विचारते, आणि माणूस घाईत हो म्हणतो.

शिवाय सीआर२०३२ ची बॅटरी, थर्मल पेस्टची छोटी नळी, पीएस-२ चा जुना कीबोर्ड आणि चालू अवस्थेतला यूपीएस. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी डोळा मिचकावेल सांगता येत नाही, आणि फाइल कॉपी होत असताना गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

४. मशीनची तब्येत

आधी धूळ. ब्लोअरने, दाराबाहेर, पंख्याचं पातं बोटाने धरून. पंखा वाऱ्याने वेड्यासारखा फिरू देऊ नका.

प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून वाळलेली पेस्ट पुसा, मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा. पेंटियम ४ तापट प्राणी आहे. पेस्ट वाळलेली असेल तर इन्स्टॉलेशनच्या मधेच मशीन बंद पडतं आणि लोक सीडीला दोष देतात.

बोर्डावरचे उभे डबे, म्हणजे कपॅसिटर, बघा. वरचं टोक सपाट हवं. पुरीसारखं फुगलेलं किंवा तपकिरी गळलेलं दिसलं तर आधी ते बदलून घ्या. त्या बोर्डावर काहीही बसवलं तरी ते टिकणार नाही.

रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासा, भुगा झटका, पुन्हा ‘टक’ होईपर्यंत दाबा. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट ८६ प्लसची सीडी लावून एक पूर्ण फेरी होऊ द्या.

तपासा: मेमटेस्टमध्ये एकही लाल ओळ आली तर पुढे जायचं नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून कोणती खराब ते शोधा. खराब रॅमवर एक्सपी ‘अमुक फाइल कॉपी करता येत नाही’ असं म्हणते. तोच संदेश खराब सीडीवर आणि मळलेल्या लेन्सवरही येतो, त्यामुळे मेमटेस्ट आधी केलेली असेल तर निम्मा तपास वाचतो.

आयडीई डिस्क असेल तर जंपर (डिस्कच्या पाठीमागच्या पिनांवरची छोटी टोपी) बघा. एका केबलवर दोन वस्तू असतील तर एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. दोन्ही मास्टर ठेवल्या तर बहुधा दोन्ही दिसत नाहीत. ८० तारांच्या केबलचं निळं टोक बोर्डाला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला.

५. बायॉसमध्ये चार बदल

बॅटरी बदलून मशीन सुरू करा, डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा.

पहिलं, तारीख आणि वेळ. बॅटरी मेलेली असेल तर मशीन स्वतःला २००२ मध्ये समजतं.

दुसरं, फ्लॉपी. ड्राइव्ह नसेल तर ती ‘नाही’ करा, नाहीतर सुरू होताना उगाच ताटकळतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, साटा डिस्क असेल तर तिची पद्धत ‘आयडीई’, ‘लेगसी’ किंवा ‘कम्पॅटिबल’ करा, ‘एएचसीआय’ नाही. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. त्यामुळे एक तर ‘हार्डडिस्क सापडली नाही’ असं येतं, नाहीतर निळ्या पडद्यावर ‘७बी’ने संपणारा कोड येतो. सुरुवातीला एफ-६ दाबून ड्रायव्हर देता येतो, पण तो फक्त फ्लॉपीवरून. बायॉसमध्ये हा पर्यायच नसेल तर एनलाइट हा विंडोजची सीडी बदलून देणारा प्रोग्राम वापरून ड्रायव्हर आत मिसळलेली नवी सीडी बनवावी लागेल.

चौथं, बूटचा क्रम: सीडी पहिली, हार्डडिस्क दुसरी. पॅरलल डोंगल असेल तर त्याच फेरीत पॅरलल पोर्ट चालू आहे का आणि पत्ता ३७८ आहे का तेही बघून घ्या.

थांबा: मशीनला फक्त एकच हार्डडिस्क जोडलेली हवी. पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, दुसरी डिस्क, सगळं बाहेर. मी एकदा आळस करून जुनी डिस्क स्लेव्ह म्हणून तशीच ठेवली होती. एक्सपीने स्वतःला नव्या डिस्कवर बसवलं, पण सुरू होण्याच्या फाइली जुन्या डिस्कवर लिहिल्या. जुनी काढली आणि नवी उठेना. पेनड्राइव्ह किंवा कार्ड रीडर राहिला तर सी हे अक्षर तोच बळकावतो आणि तुमची विंडोज एफ ड्राइव्हमध्ये जाऊन बसते. ते अक्षर नंतर बदलता येत नाही.

६. निळा पडदा

‘सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा’ असं आलं की कळ दाबा. निळा पडदा येतो, खालच्या पट्टीवर एफ-६ ची सूचना क्षणभर दिसते, तिकडे लक्ष देऊ नका. काही मिनिटं ड्रायव्हर चढत राहतात.

मग विचारतं: एंटर, आर, की एफ-३? एंटर. आर म्हणजे दुरुस्तीचा काळा पडदा, तिथे आपलं काम नाही. पुढे परवाना, एफ-८.

आता डिस्कची यादी. इथे हात खिशात घालून आधी आकडा वाचा. ८० जीबीची डिस्क ७६ हजार एमबीच्या आसपास दिसते. १६० ची डिस्क १ लाख ३१ हजारांवर थांबलेली दिसली तर सीडी जुनी आहे, परत मागे जा आणि सर्व्हिस पॅकवाली घ्या. आकडा तुमच्या नव्या डिस्कचाच आहे ना? कपाटातली चुकून लावलेली नाही ना?

खात्री झाल्यावर जुने भाग डी, मग एंटर, मग एल दाबून काढा. रिकाम्या जागेवर सी दाबा आणि आकार द्या. मी २०४८० देतो, म्हणजे २० जीबी. एक्सपी, पेजमेकर आणि फॉन्ट यांना ते भरपूर. उरलेली जागा कामाच्या फाइलींसाठी वेगळी राहील आणि पुढे विंडोजची प्रतिमा (डिस्कची हुबेहूब प्रत) घेताना सोपं पडेल.

फॉर्मॅट एनटीएफएस, आणि ‘क्विक’ नाही, पूर्ण. वेळ लागतो, पण जुन्या डिस्कवर खराब जागा असतील तर त्या इथेच कळतात. टक्केवारी एखाद्या आकड्यावर दहा-पंधरा मिनिटं अडली तर डिस्क बदला.

फाइली कॉपी होतील, पंधरा सेकंद मोजून मशीन स्वतः बंद होऊन सुरू होईल.

थांबा: आता पुन्हा ‘कोणतीही कळ दाबा’ येईल. दाबायची नाही. सीडी आतच राहू द्या, हात बाजूला. दाबली की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ‘तीनदा टाकली तरी पुन्हा पुन्हा तेच विचारते’ ही तक्रार म्हणजे हीच कळ.

७. रंगीत टप्पा

डावीकडे मिनिटांची उलटी मोजणी दिसते. तिच्यावर विश्वास ठेवू नका, पण चहा टाकायला हरकत नाही. मधेमधे थोडं विचारतं: नाव, की, संगणकाचं नाव. नाव इंग्रजीत, एक शब्दात, रिकामी जागा न ठेवता द्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड ठेवलात तर लिहून ठेवा.

वेळेच्या पानावर आधीपासून अमेरिकेची वेळ निवडलेली असते. तिथे साडेपाच तास पुढची, चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्लीवाली ओळ शोधा. नेटवर्कला ‘टिपिकल’.

पुन्हा एकदा सुरू झाल्यावर इंटरनेट जोडणीचं विचारेल, ‘स्किप’. नोंदणीचं विचारेल, ‘आत्ता नको’. अ‍ॅक्टिव्हेशनला ३० दिवस मिळतात, पण तो विषय शेवटच्या दिवसावर टाकू नका. मुदत संपली की मशीन आत घेत नाही.

८. ड्रायव्हर, याच क्रमाने

चिपसेट पहिला. मग मशीन बंद-चालू. मग ग्राफिक्स, बंद-चालू. मग आवाज. लॅन शेवटी, आणि लागणार असेल तरच. चिपसेट मागे ठेवून ग्राफिक्स आधी टाकला तर कधी कधी यूएसबी आणि डिस्क दोन्ही कूर्मगतीने चालतात आणि कारण कळत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह उरलंच तर त्यावर दोनदा क्लिक करा, ‘डिटेल्स’मध्ये लांबलचक क्रमांक दिसेल. ‘वेन’ नंतरची चार अक्षरं कंपनी सांगतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक. ‘डेव्ह’ नंतरची चार अक्षरं वस्तू सांगतात. ही आठ अक्षरं दुसऱ्या संगणकावर शोधा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारे प्रोग्राम या मशीनवर चढवू नका. ते चार नको त्या वस्तू सोबत आणतात.

तपासा: पडदा १०२४ बाय ७६८ वर नीट दिसतो, रंग ३२ बिट आहेत, पिवळं चिन्ह एकही नाही.

९. देवनागरी चालू करा

एक्सपीत देवनागरी आहे, पण ती झोपलेली असते. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’, तिथे ‘लँग्वेजेस’चं पान, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात खूण. ती सीडी मागेल. आत ‘आय-३८६’ नावाचं फोल्डर आहे, त्यातून फाइली घेते. मी हे अख्खं फोल्डर डिस्कवर कॉपी करून ठेवतो, म्हणजे पुढे सीडी शोधत बसावं लागत नाही. मग मशीन बंद-चालू, आणि ‘डिटेल्स’मध्ये मराठी कीबोर्ड जोडा. तो इनस्क्रिप्ट या प्रमाण मांडणीचा असतो.

हे युनिकोडसाठी, म्हणजे नव्या फाइलींची नावं आणि मजकूर चौकोनी डबे न दिसता वाचता यावा म्हणून. पेजमेकर ७ ला युनिकोड देवनागरी कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर कॉपी करून थेट पेजमेकरमध्ये चिकटवला की प्रश्नचिन्हं पडतात, आणि लोक म्हणतात एक्सपी नीट बसली नाही. एक्सपी नीटच बसली आहे. तो मजकूर आधी तुमच्या जुन्या फॉन्टच्या संकेतात बदलून घ्यावा लागतो.

१०. डोंगल, फॉन्ट, प्रिंटर

पॅरलल डोंगल मशीन बंद असतानाच लावायचा. चालू मशीनला लावला तर पोर्ट जळू शकतं. यूएसबी डोंगल असेल तर उलट: आधी त्याचा ड्रायव्हर, मग डोंगल. आधी डोंगल खुपसला की विंडोज स्वतःच्या मनाने काहीतरी चढवते आणि पुढे खरा ड्रायव्हर बसत नाही.

मराठी सॉफ्टवेअर त्याच्या मूळ सीडीवरून पुन्हा बसवा. नुसत्या फॉन्ट फाइली कॉपी करून अक्षरं दिसतात, पण टाइप करता येत नाही, कारण कीबोर्डचा भाग सॉफ्टवेअरसोबत येतो. सॉफ्टवेअर बसल्यावर मग जुन्या डिस्कच्या कॉपीतून राहिलेले फॉन्ट आणा. टाइप-१ जातीचे फॉन्ट असतील तर पीएफबी आणि पीएफएम अशा दोन्ही फाइली हव्यात. एकटी कामाची नाही. आणि फॉन्ट हवे तेवढेच टाका. हजारभर फॉन्ट एकदम ओतले की मशीन रांगायला लागतं.

आता प्रिंटर, आणि हे कुणीही सांगत नाही. पेजमेकर मजकुराची मांडणी प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे बघून करतो. स्मरणिका ज्या प्रिंटरवर मांडली होती तो आता नसेल तर फाइल उघडताना तो मजकूर नव्याने बसवायचं विचारतो. हो म्हटलं की ओळी सरकतात आणि चाळिसाव्या पानावरची जाहिरात एकेचाळिसाव्यावर जाते. म्हणून तुम्ही कागदावर लिहिलेलं प्रिंटरचं नाव आठवा, त्याचा ड्रायव्हर टाका, प्रिंटर प्रत्यक्षात नसला तरी चालेल. तो मिळत नसेल तर एखादा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर ‘फाइल’ या पोर्टवर बसवा.

तपासा: मूळ फाइल उघडू नका, तिची प्रत उघडा. गेल्या वर्षीचा छापील अंक शेजारी ठेवा. पहिलं पान, मधलं एक पान आणि जाहिरातदारांची यादी ताडून बघा. जोडाक्षरं आणि रफार नीट दिसले तर फॉन्ट बरोबर, ओळी त्याच जागी तुटल्या तर प्रिंटर बरोबर.

११. नेटची केबल लावायची नाही

एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा सुधारणा मिळालेल्या नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसच्या वेळी आणि नंतर मे २०१९ मध्येही मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी अपवाद म्हणून पॅच दिले, असे मोजकेच. शिवाय नेट जोडून फार काही मिळतही नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला टीएलएस १.२ ही आजच्या साइटना लागणारी सुरक्षित जोडणीची पद्धत येत नाही, त्यामुळे बहुतेक साइट उघडतच नाहीत. लोक याला ‘नेट स्लो आहे’ म्हणतात आणि मग कुठला तरी जुना ब्राउझर शोधत वाट्टेल त्या पानावर जातात.

फाइलींची ये-जा एकाच ठरलेल्या पेनड्राइव्हने करा. तो दर वेळी आधी नव्या संगणकावर तपासा. एक्सपीत ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच त्यातलं आपोआप चालू होणं) बंद करा आणि पेनड्राइव्ह दोनदा क्लिक करून न उघडता डावीकडच्या फोल्डर-यादीतून उघडा. छपाईच्या दुकानांत दहा गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह एकाच मशीनला लागतात, फोल्डरांचे शॉर्टकट होण्याचा रोग तिथूनच पसरतो. गिऱ्हाइकाला नव्या मशीनपाशी थांबवा.

१२. प्रतिमा घ्या, आणि ती चालते का ते बघा

सगळं जुळलं, एक पान छापून निघालं, की त्याच दिवशी मशीन बंद करून डिस्क बाहेर काढा. यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला लावा आणि क्लोनझिलाने तिची अख्खी प्रतिमा घ्या. ‘उद्या घेऊ’ म्हणणाऱ्यांचेच फोन मला पुढच्या वर्षी येतात.

प्रतिमा घेतली म्हणजे झालं असं नाही. शक्य असेल तर आणखी एक जुनी डिस्क घेऊन तिच्यावर ती उतरवा, मशीनमध्ये लावा, सुरू करा, पेजमेकर उघडा, एक पान छापा. लक्षात ठेवा, दुसरी डिस्क पहिलीपेक्षा लहान असेल तर प्रतिमा सहसा उतरत नाही. चालली तर ही डिस्क तुमचा सुटा टायर.

शेवटी एक कागद घ्या. त्यावर की, बोर्डाचा नंबर, प्रिंटर ड्रायव्हरचं नाव, पासवर्ड आणि बायॉसमध्ये बदललेल्या गोष्टी लिहा. प्लास्टिकच्या पाकिटात सीड्यांसोबत घालून ते पाकीट कॅबिनेटच्या आत, पंख्यापासून दूर, पत्र्याला चिकटवा. डोंगल मात्र त्या पाकिटात ठेवू नका, तो पोर्टलाच लावलेला राहू द्या. ‘जपून ठेवलाय’ म्हणून कपाटात गेलेला डोंगल शोधायला मी एकदा रामबागेतल्या एका घरात देवघराचेही खण उपसले आहेत.